आमच्या गाडीचा गिअरबॉक्स

आमच्या घरी एक जुनी पिकअप गाडी आहे. ती १९९९ सालची आहे. मी दहा वर्षांची आहे. म्हणजे गाडी माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी आहे. आजी तिला घरातली थोरली लेक म्हणते. तिचा रंग पांढरा होता, पण आता खालून निम्मी गाडी लाल मातीच्या रंगाची झाली आहे. पुढे तिघे बसतात आणि मागे हौदा आहे. हौद्यात सकाळी दुधाचे कॅन असतात. परत येताना पेंडीची पोती असतात. कधी शेळ्या, कधी लग्नाचे वऱ्हाड, कधी आजारी माणूस, असे सगळे त्या हौद्यातून गेले आहे.

आमची वाडी पाटण तालुक्यात डोंगरावर आहे. खालचे गाव सहा किलोमीटर दूर आहे. चार किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि वरचे दोन किलोमीटर मातीचा. पावसाळ्यात तो मातीचा रस्ता लोण्यासारखा होतो. मग बाकीच्या गाड्या आंब्याच्या वळणावर थांबतात आणि माणसे चालत येतात. आमची गाडी मात्र वर येते. कारण तिची चारही चाके ओढतात. साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना जातो. आमच्या गाडीत तो चारही चाकांना देता येतो. मागची चाके चिखलात नुसती फिरू लागली की पुढची चाके ओढून काढतात. रुतलेल्या बैलगाडीला पुढून बैल ओढतात आणि मागून माणसे खांदा लावतात, तसेच हे आहे.

ही गाडी माझ्या कामाची आहे. आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. पाचवीला खालच्या गावात जावे लागते. माझी चुलतबहीण पाचवीला गेली तेव्हा तिला मामाच्या गावी ठेवली. ती आता फक्त दिवाळीला आणि मे महिन्यात येते. मला अण्णा म्हणाले होते, "तुला मी आपल्या गाडीतून नेईन. तुला कुठं ठेवायची नाही." म्हणून मी निश्चिंत होते.

पण मागच्या ऑगस्ट महिन्यात गाडीचा दुसरा गिअर सुटू लागला.

गिअर सुटणे म्हणजे काय ते सांगते. अण्णा गिअर टाकतात, गाडी थोडी चालते आणि दांडा आपोआप मधे येतो. सपाटीवर याने काही बिघडत नाही. पण उतारावर गाडी गिअरमध्ये असली म्हणजे इंजिन तिला मागे धरून ठेवते. गिअर सुटला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक फार वेळ दाबून धरला की तापतो आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही.

दसऱ्याच्या आधी एके सकाळी घाट उतरताना तसेच झाले. मागे बारा कॅन होते. एका कॅनमध्ये चाळीस लिटर दूध मावते. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे ४८० लिटर. गिअर सुटला तशी गाडी धावू लागली. अण्णांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. कोणाला लागले नाही. दोन कॅन लवंडले आणि दूध रस्त्याने वाहिले. ते दूध वाडीतल्या लोकांचे होते. अण्णांनी त्याचे पैसे स्वतः भरले.

त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही. आजी म्हणाली, "आता ह्या गाडीत पोरं बसवायची न्हाईत." काका म्हणाले, "गाडी भंगारात घाला. हप्त्यावर नवी घेऊ. दोन चाकांची घेतली की स्वस्त पडंल." आई म्हणाली, "नवी गाडी पावसाळ्यात आंब्याच्या वळणापर्यंतच येणार. तिथून पुढं दूध डोक्यावर न्यायचं का?" काका वाईट म्हणून बोलले नाहीत. गाडीचे मागचे दोन टायर त्यांनीच घेऊन दिले होते. मला झोप आली नाही. गाडी गेली तर मला मामाकडे पाठवतील, असे मला वाटत होते.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णा गाडी खालच्या गावातल्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेले. गाडी रिकामी होती आणि अण्णांनी सगळा उतार पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरला. मी आजीबरोबर मागून चालत गेले. तेवढे दिवस दूध काकांनी मोटारसायकलवरून नेले. त्यांना चार-चार खेपा कराव्या लागल्या. मी रोज अण्णांबरोबर शेडमध्ये जाऊन बसत होते. सुट्टीचा अभ्यास तिथेच केला.

मला वाटले, मिस्त्रीकाका लगेच गिअरबॉक्स उतरवतील. पण त्यांनी तसे केले नाही. ते म्हणाले, "डोकं दुखतंय म्हणून कोणी डोकं काढून ठेवतं का? आधी दुखणं कुठलं ते बघू." त्यांनी गाडीखाली जाऊन रबरे पाहिली. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरांवर बसवलेले असतात. ती फाटली तर सगळे हलते आणि त्यानेही गिअर सुटतो. रबरे चांगली होती. मग क्लच पाहिला. इंजिन चालू ठेवून त्यांनी क्लच पूर्ण दाबला, थोडे थांबले आणि रिव्हर्स टाकला. खरखर झाली नाही. क्लच नीट सुटत नसेल तरी गिअर टाकताना आवाज येतो आणि लोक उगाच गिअरबॉक्स उघडतात, असे ते म्हणाले. मग त्यांनी गिअरबॉक्सचे तेल काढले. ते असायला हवे त्याच्या निम्मेच होते. खालच्या सीलमधून थेंब थेंब गळून गेले होते. तेलात पिवळी चमक होती आणि तळाच्या बोल्टच्या चुंबकाला लोखंडाचे बारीक तुकडे चिकटले होते. मिस्त्रीकाका म्हणाले, "पिवळं ते पितळ. काळं ते लोखंड. आता उघडायला हरकत नाही."

गिअरबॉक्स उतरवायला एक अख्खा दिवस लागला. आधी पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे लांब शाफ्ट सोडले. चारचाकी गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरबॉक्समधून आलेला जोर तो पुढे आणि मागे वाटून देतो. त्यात हाय आणि लो असे दोन गिअर असतात. तो डबाही उतरवावा लागला. साखळीने बांधून, जॅक लावून, चौघांनी मिळून दोन्ही खाली घेतले.

मग मिस्त्रीकाकांनी वरचे झाकण काढले आणि मला म्हणाले, "ये, बघ." आत दातांची चाके होती. लहान, मोठी, एकमेकांत अडकलेली. मी विचारले, "हे कशाला लागतं?" त्यांनी खडूने फरशीवर गणित घातले. समजा १५ दातांचे लहान चाक ६० दातांच्या मोठ्या चाकाला फिरवते. लहान चाक किती वेळा फिरले म्हणजे मोठे एकदा फिरेल? मी ६० ला १५ ने भागले आणि चार म्हणाले. ते म्हणाले, "बरोबर. वेग चौथाई झाला आणि जोर चौपट झाला. हाच पहिला गिअर." इंजिन भराभर फिरते पण त्याला एकट्याला चढ ओढवत नाही. गिअरबॉक्स त्याचा वेग घेतो आणि त्या बदल्यात जोर देतो. फुकट काही देत नाही. मला हे फार आवडले. पाठ्यपुस्तकातला भागाकार त्या डब्यात बसलेला होता.

गिअर पक्का बसण्यासाठी आत पितळेची रिंग असते. दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ती रिंग त्यांना घासून आधी सारख्या वेगावर आणते आणि मग दात दातात बसतात. आमच्या दुसऱ्या गिअरची रिंग झिजली होती. गिअरच्या बाजूचे टोकदार दातही गोल झाले होते. टोकदार दात अडकून राहतात, गोल झालेले घसरून बाहेर येतात. शिवाय दांड्याला जागेवर धरणारी एक लहान गोळी आणि स्प्रिंग असते. ती स्प्रिंग थकली होती. पुढच्या बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडले होते. पण बाकीच्या चाकांचे दात चांगले होते. बाहेरच्या डब्याला तडा नव्हता. एवढे सगळे मी माझ्या वहीत लिहून घेतले.

आता करायचे काय? काकांच्या ओळखीचा एक माणूस म्हणाला, "जुन्यात कशाला पैसे घालता? पाच गिअरचा डबा बसवा. गाडी पळंल." म्हणून अण्णा, मिस्त्रीकाका आणि मी कराडला जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे गिअरबॉक्स बटाट्यांसारखे ढिगाने पडलेले होते.

पहिला आम्ही पाच गिअरचा पाहिला. तो वरून स्वच्छ होता. मिस्त्रीकाकांनी मला खडू दिला आणि म्हणाले, "पुढच्या शाफ्टवर एक खूण कर आणि मागच्यावर एक कर. मी पहिला गिअर टाकून पुढचा फिरवतो. मागचा एकदा पुरा फिरला की सांग. पुढच्याचे फेरे मोज." मी मोजले. साडेतीन फेरे झाले. आमच्या गिअरबॉक्सचे शेडमध्ये मोजले होते तेव्हा चार झाले होते. चारातून साडेतीन गेले की अर्धा उरतो. चाराचा अर्धा म्हणजे आठवा हिस्सा. त्या डब्याने पहिल्या गिअरमध्ये आमचा जोर आठव्या हिश्श्याने कमी झाला असता. पाचवा गिअर सरळ मोठ्या रस्त्यावर कमी डिझेलमध्ये पळण्यासाठी असतो. आमच्या घाटात अण्णा चौथ्या गिअरपर्यंतसुद्धा क्वचित जातात.

दुसरी अडचण मोठी होती. तो डबा दोन चाकांच्या गाडीचा होता. त्याच्या मागे लांब शेपटीसारखा भाग होता. ट्रान्सफर केस बसवायला जागाच नव्हती. आतला शाफ्टही वेगळा होता. मिस्त्रीकाकांनी पुढच्या शाफ्टवरच्या खाचा मोजायला सांगितल्या. त्या आमच्या क्लचप्लेटशी जुळत नव्हत्या. आणि डब्याची लांबी वेगळी असली की ट्रान्सफर केस पुढेमागे सरकते. मग मागचा शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, पुढचा लांब करावा लागतो, खालची पट्टी बदलावी लागते. हे सगळे करता येते, पण खर्च वाढत जातो.

तिसरा डबा आमच्यासारखाच होता. चार गिअरचा आणि चारचाकी गाडीचा. मला आनंद झाला. खाचा जुळल्या. फेरेही चार झाले. पण मिस्त्रीकाकांनी झाकण उघडायला लावले. दुकानदार आधी नको म्हणत होता. उघडल्यावर आत तांबूस चिखल दिसला. डबा पावसात उघडा पडून त्यात पाणी साचले होते. दातांवर गंजाचे खड्डे होते आणि एका दाताचा कोपरा तुटलेला होता. मिस्त्रीकाका म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आपलाच बरा." आम्ही हात धुऊन चहा प्यायलो आणि परत आलो.

रात्री आईने हिशेब मांडला. पाच गिअरचा डबा सगळ्या बदलांसह पंचावन्न हजारांच्या वर जात होता. गंजलेला डबा अठ्ठावीस हजार सांगत होते. आपलाच दुरुस्त करायला साडेएकवीस हजार लागणार होते. आईने बचत गटातून पंधरा हजार घेतले. बाकीचे अण्णांनी दुधाच्या बिलातून दिले. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "करा. पण घाट उतरून दाखवल्याशिवाय मी मानणार न्हाई."

दुसऱ्या गिअरचे चाक, पितळी रिंगा, बेअरिंग, स्प्रिंग, ऑइल सील आणि पॅकिंग असे नवे सामान आणले. एक बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लेथवर करून आणला. सगळे भाग डिझेलने धुतले आणि गोणपाटावर ओळीने मांडले. माझे अक्षर चांगले आहे म्हणून नावाच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या.

गिअरबॉक्सच्या तळाला एक शाफ्ट असतो. त्याच्यावरच्या चाकाच्या दोन्ही टोकांत सुईसारख्या बारीक सळ्या गोल लावाव्या लागतात. त्या एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला २२ होत्या. त्या सारख्या पडतात म्हणून आधी आत ग्रीस लावतात. ग्रीसला त्या चिकटून राहतात. मिस्त्रीकाकांची बोटे जाड आहेत. ते मला म्हणाले, "तू लाव." मी एक एक लावली आणि दोनदा मोजली. चव्वेचाळीस भरल्या. एक जरी कमी राहिली तर बाकीच्या तिरक्या होतात आणि सगळे परत उघडावे लागते. मिस्त्रीकाकांनी स्वतः पुन्हा मोजल्या आणि मग शाफ्ट आत घातला.

शेवटी तेल घातले. अण्णांनी दुकानातून भारी म्हणून दुसरेच तेल आणले होते. मिस्त्रीकाकांनी ते परत करायला लावले. काही भारी तेलांतली औषधे पितळेला खातात. म्हणून गाडीच्या पुस्तकात जे तेल लिहिले आहे तेच घालायचे. आमच्या पुस्तकात जीएल-४ लिहिले होते.

गाडी तयार झाली. पण दूध घालून कोण बघणार? मिस्त्रीकाकांनी युक्ती सांगितली. बारा कॅन पाण्याने भरले. पाण्याच्या ४८० लिटरचे वजन ४८० किलो होते. अण्णा आणि मिस्त्रीकाका गाडी घेऊन वर आले आणि मग घाट उतरू लागले. आम्ही सगळे आंब्याच्या वळणावर उभे होतो. आजीने देवाचे नाव घेतले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू आली. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि दांडा जागेवर होता. पुढे जाऊन ते परत आले आणि पुन्हा उतरले. असे तीन वेळा केले. गिअर एकदाही सुटला नाही. काकांनी कॅनमधले पाणी आंब्याच्या बुंध्याला ओतले आणि म्हणाले, "मानलं." दोन दिवसांनी आजी स्वतः पुढे बसून पाटणच्या बाजाराला गेली.

आमच्या गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एक माहिती दिली. अमेरिकेत १९४१ सालापासून दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज कंपनीची जीप बनू लागली. ती चारही चाकांनी ओढणारी होती. तिला पुढे जाण्याचे फक्त तीन गिअर होते. पण सोबत ट्रान्सफर केस होती. तिच्यात लो टाकले की वेग जवळजवळ निम्मा आणि जोर जवळजवळ दुप्पट होई. तीन गिअरवर ती चिखलातून आणि डोंगरातून गेली. तेव्हा मला काकांच्या ओळखीच्या माणसाची आठवण झाली. गिअर किती आहेत यापेक्षा आपला रस्ता कसा आहे हे आधी पाहावे.

मिस्त्रीकाकांनी अण्णांना काही नियम सांगितले आहेत. ते मी पाठ केले आहेत. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनीही लक्षात ठेवावेत.

एक. गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसू नये. हाताचा भार आतल्या काट्यावर येतो आणि काटा झिजतो. अण्णांना ही जुनी सवय होती.

दोन. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावू नये. वळणावर पुढची चाके जास्त अंतर जातात आणि मागची कमी. चिखलात चाके घसरून ते जुळते. डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा ताण आतल्या दातांवर येतो.

तीन. चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत.

चार. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला तर त्याच आठवड्यात सील बघावे.

आता मी अण्णांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात दांड्यावर गेला की मी नुसते खोकते. ते हसतात आणि हात काढतात.

चौथीच्या वर्गात आम्ही पाच जण आहोत. तीन मुली आणि दोन मुलगे. अण्णांनी पाचही जणांच्या घरी जाऊन सांगितले आहे की जूनपासून सकाळी दहाच्या खेपेला पोरांना खाली नेईन आणि संध्याकाळचे दूध घालून परतताना घेऊन येईन. दोघांच्या घरचे हो म्हणाले आहेत. एकीच्या घरी अजून विचार चालू आहे. तिच्या आईला मी ४४ सळ्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पाऊस पडू दे, मग बघू." पाऊस पडला की मातीचा रस्ता पुन्हा लोण्यासारखा होईल आणि आमची गाडी लो टाकून वर येईल. तेव्हा मी तिच्या आईला वळणावर बोलावणार आहे.

— इयत्ता चौथी